वार लावणारी माणसं

आमच्या कामाला धड नाव नाही. बँकेत अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन थांबायचं. शाळा म्हणावं तर आमच्याकडे ना घंटा ना गणवेश. खानावळ म्हणावं तर गल्ल्यावर कोणी बसलेलं नाही. शेवटी खिडकीपलीकडचा कारकून कंटाळून म्हणायचा, "बाई, 'इतर' लिहा." अशी सोलापुरात पंचवीसेक वर्षं मी 'इतर' केलं आणि दोन वर्षांपूर्वी त्यातून निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी त्याच 'इतर'बद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा सगळ्यात आधी आठवला तो व्यंकटेश, आणि वर्तमानपत्रातला तो फोटो.

आधी काम काय ते सांगते. शहराच्या पूर्व भागात, मागांची खटखट जिथे भिंतीतून ऐकू येते अशा वस्तीत, आमच्या संस्थेला एक बंद पडलेला कारखाना मिळाला होता. माग केव्हाच भंगारात गेले होते, पण फरशीवर तेलाचे डाग तसेच होते. तिथे संध्याकाळी पाच वाजता साठ-सत्तर मुलं यायची. आधी जेवण, मग दोन तास अभ्यास. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर, आया घरी बसून बिड्या वळणाऱ्या. घरात कुणी तेलुगू बोलायचं, कुणी कन्नड, कुणी दखनी. शाळेतली खिचडी दुपारीच जिरलेली असायची. पहिल्या वर्षी आम्ही नुसताच अभ्यास घेतला. मुलं पाढे म्हणता म्हणता दाराकडे बघायची. मग स्वयंपाक सुरू केला आणि दाराकडे बघणं थांबलं.

स्वयंपाकाला नरसम्मा होत्या. आयुष्यभर बिड्या वळलेल्या, कपाळभर कुंकू, आवाज असा की मागाच्या खटखटीवर मात करावी. त्या कशा आल्या ते मजेशीर आहे. मी एका आहारतज्ज्ञ बाईंकडून तक्ता करून घेतला होता. सोमवारी मोड आलेली मटकी, मंगळवारी दलिया, असा. मुलं ताटात बोटं फिरवून उठायची. एक दिवस नातवाला सोडायला आलेल्या नरसम्मांनी उभ्या उभ्या चमचाभर दलिया तोंडात टाकला आणि मला विचारलं, "बाई, कुणाला बरं नाय?"

"का हो?"

"मग हे औषध कशाला रांधलाव?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पदर खोचून चुलीपाशी. चारू म्हणजे चिंचेचं पातळ सार, भात, शेंगाचटणी, ज्वारीची भाकरी. आहारतज्ज्ञ बाईंचा तक्ता आम्ही फडताळाला आतून चिकटवला, कारण तपासणीला तो लागायचा. तांदूळ किती घ्यायचा याचा नरसम्मांचा हिशोब साधा होता. पाचला मुलं आली की दाराबाहेर येऊन त्या चपला मोजायच्या. हजेरीच्या वहीवर त्यांचा विश्वास नव्हता. "वही खोटं बोलते, चप्पल नाय," म्हणायच्या.

आमच्याकडची खरी विचित्र गिऱ्हाइकं म्हणजे मुलं नव्हेत, देणगीदार. त्यातही वाढदिवसवाले. एका गृहस्थांनी भर मे महिन्यात पातेलंभर श्रीखंड आणलं आणि उशीर झाला म्हणून वरून भाषणही केलं. दुसऱ्यांना मुलांनी आधी स्वागतगीत म्हणावं आणि मगच घास घ्यावा असं वाटे. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने गाणं संपवून त्यांना विचारलं, "काका, जेवायला आता अजून किती कडवी?" मी हसू दाबलं. आम्हाला देणगीदार दुखवून चालत नसे. आणि त्या न दुखवण्याच्या सवयीनेच मी एकदा फार मोठी चूक केली.

एका कापड व्यापाऱ्यांची साठी होती. बासुंदी-पुरीचा बेत. शेठ वेळेवर आले, पण फोटोवाला आला नव्हता. ताटं वाढलेली, मुलं हात आवरून बसलेली, आणि बासुंदीवर नरसम्मा पदराने माश्या वारतायत. अर्ध्या तासाने फोटोवाला आला आणि म्हणाला, "समोर एखादी नीटनेटकी मुलगी बसवा की." मी अंबिकाला उठवून पुढे बसवलं. अंबिका आठवीतली, दोन घट्ट वेण्या, गणितात सगळ्यांच्या पुढे. तिची धाकटी बहीण सौम्या तिसरीत. शेठनी अंबिकाच्या ताटात पुरी धरली, फोटो निघाला, मुलं जेवली.

दोन दिवसांनी तो वर्तमानपत्रात आला. खाली ओळ होती, 'गरजू बालकांना मिष्टान्नभोजन'.

त्याच संध्याकाळी सायकल दाराला टेकवून एक उंच, शिडशिडीत माणूस आत आला. हातात घडी घातलेला पेपर. अंबिकाचा बाप, व्यंकटेश. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा, मागांचा डॉक्टरच.

"बाई, गरजू म्हंजे काय?" त्याने शांतपणे विचारलं.

मी काहीतरी बोलायला गेले.

"चोवीस माग माझ्या हाताखाली हायत. मालक बी मला विचारून बोलतो. आज सगळा कारखाना मला विचारायला, काय जॉबर, पोरींना जेवायला घालत नाय का तू?" त्याने पेपर माझ्या टेबलावर ठेवला. "पोरी शिकायला येतील. तुमी चांगलं शिकवता. पण जेवणार नाय."

"व्यंकटेश, ते मी लिहिलेलं नाही हो. पेपरवाल्यांनी छापलं."

"छापलं त्यांनी. पुढं बसवलं कोण?"

पेपर टेबलावर तसाच ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून पंगत बसली की दोघी बहिणी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायच्या, आमच्याकडे पाठ करून. अंबिका पुस्तक उघडायची. सौम्या मात्र जेवून येणाऱ्या मैत्रिणीला रोज विचारायची, "आज काय होतं?" आणि काहीही उत्तर आलं तरी म्हणायची, "आमच्यात पण तेच केलंय." चारू असला तरी तेच, उपमा असला तरी तेच. नरसम्मा आतून ऐकायच्या आणि पातेलं जरा जोरातच आपटायच्या. "माझ्या हातच्या अन्नानं काय पाप केलं?" असं त्या भांड्यांना विचारायच्या. ऐकायची मी.

पुढे टॉवेलची मागणी थंडावली आणि व्यंकटेशचा कारखाना काही महिन्यांसाठी बंद झाला. त्याची बायको पद्मा आता जास्त बिड्या वळू लागली. भल्या पहाटे पानं भिजवायची, कात्रीने कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर तंबाखू भरून दोरा बांधायचा. शाळेतून आली की अंबिकाही तिच्या शेजारी बसे. आमच्याकडे ती उशिरा येऊ लागली, मग एक दिवसाआड. तिच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली होती आणि ही मुलगी समोर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. पाठीला हात लावून उठवलं तर ओशाळून म्हणाली, "बाई, पुढच्या आठवड्यापासून मी येत नाय. सौम्या येईल."

मग मी दुसरी चूक केली. डाळ, तांदूळ, तेल, साखर असं एक पोतं भरून रिक्षाने त्यांच्या घरी गेले. व्यंकटेशने मला खुर्ची दिली. पद्माने चहा केला. तो पोत्याकडे बघेना, मी पोत्याविषयी बोलेना. चहा संपल्यावर तो उठला, पोतं उचलून सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि म्हणाला, "चला बाई. जड हाय, तुमाला परत न्यायला जमायचं नाय." सायकल हातात धरून तो माझ्याबरोबर चालत आमच्या दारापर्यंत आला, पोतं नरसम्मांच्या कोठीत नीट उभं करून ठेवलं, नमस्कार केला आणि गेला. इतक्या सभ्यपणे कुणी माझा अपमान केलेला नव्हता. खरं तर तो अपमानही नव्हता. अपमान आधी मीच त्याचा केला होता.

नरसम्मांनी पोत्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "शिकलेली माणसं," एवढंच म्हणाल्या.

त्याच शनिवारी इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्रायंडर बंद पडला. डाळ-तांदूळ भिजलेले, साठ मुलांचा दुसऱ्या दिवशीचा बेत ठरलेला. आमचा नेहमीचा वायरमन गावाला गेला होता. मी दुकानात फोन लावत होते, तोवर नरसम्मा चपला घालून बाहेर पडल्यासुद्धा. अर्ध्या तासाने त्या परत आल्या, मागे हत्यारांची पिशवी घेतलेला व्यंकटेश. वाटेत दोघांचं तेलुगूत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण नरसम्मा खूश दिसत होत्या.

त्याने ग्रायंडर आडवा केला, खालचा पत्रा काढला, आत हात घातला आणि थांबला. मग नरसम्मांकडे बघून म्हणाला, "अव्वा, पट्टा तुटला नाय. कुणी तर काढून ठेवलाय."

"उंदीर असंल," नरसम्मा म्हणाल्या.

"उंदीर पट्टा काढून खिळ्याला अडकवतो व्हय?"

"सोलापूरचा उंदीर लई हुशार हाय."

व्यंकटेश हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं. पट्टा चढवायला दोन मिनिटं लागली असती, पण तो उठला नाही. ग्रायंडरच्या मोटारीला तेल दिलं. मग डुगडुगणारं बाक ठोकलं, गळका नळ बसवला, आणि कुरकुरणारा पंखा खाली उतरवून साफ केला. नरसम्मांनी ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं.

"नको अव्वा."

"काम केलास, जेव. माझ्या दारात गवंडी आला तरी जेवल्याशिवाय जात नाय."

तो हात धुऊन आला, मांडी घालून बसला आणि पोटभर जेवला. पायरीवरून दोन वेण्या आणि एक बॉबकट आत डोकावत होते. त्याने खुणेने मुलींना बोलावलं. अंबिका संकोचली, सौम्या धावतच आली. त्या दिवशी सौम्याने किती खाल्लं हे मी सांगत नाही, मुलगी आता मोठी झालीय.

जाताना व्यंकटेश माझ्या टेबलापाशी थांबला. "आज मी काम केलो, म्हणून आज पोरी जेवल्या," तो म्हणाला. "उद्याचं काय, बाई?"

रोज कुठून पट्टा काढून ठेवायचा? रविवारी सकाळी भाजी निवडताना मी तोच विचार करत होते. पुढ्यात लाल भोपळा होता, आणि भोपळ्यावरून मला माझे वडील आठवले. ते अक्कलकोटजवळच्या खेड्यातून शिकायला सोलापुरात आले आणि वार लावून जेवले. सात वार, सात घरं, रोज एकाकडे जेवण. पुढे ते शिक्षक झाले, घर बांधलं, पण भोपळा त्यांनी कधी ताटात घेतला नाही. मंगळवारच्या घरी नेहमी भोपळाच असे, आणि वाढणारी बाई दारामागून वाढायची. गुरुवारची गोष्ट मात्र ते आनंदाने सांगत. त्या घरची आजी त्यांना आल्या आल्या कामाला लावायची. आड शेंदायला, लाकडं फोडायला, नातवाचा अभ्यास घ्यायला. "गुरुवारी मी दोन भाकऱ्या जास्त खायचो," वडील म्हणायचे, "कारण तिथे मी घरचा होतो."

हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. साठ मुलांना रोज जेवायला घालताना एकदाही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पालकांची सभा बोलावली. बिडीच्या आयांना तोच दिवस मोकळा. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "यापुढे कुणी फुकट जेवणार नाही. ज्या घरचं मूल इथे जेवतं, त्या घराने एक वार घ्यायचा. त्या दिवशी घरातल्या एकाने इथे दोन तास काम करायचं. रांधा, वाढा, झाडा, दुरुस्ती करा, जे येतं ते."

लगेच एक आई उसळली. "दिवसभर बिड्या वळून कंबर मोडली, आता हितं येऊन भाकऱ्या बी थापू का?" तिचं बरोबर होतं. दुसरी म्हणाली, "मग फुकट म्हणून बोर्ड का लावला?" तेही बरोबर होतं. माझी सभा हातातून निसटत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"शनिवार माझा."

व्यंकटेश उभा होता. "बायकांनी का थापायचं? बाप्ये मरत्यात काय घरी? कारखाना चालू झाला तर मी पाळी बदलून घेतो. शनिवार माझा, लिवून घ्या."

बायका त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग आपापल्या नवऱ्यांकडे. त्या बघण्यात काय होतं ते तिथल्या प्रत्येक पुरुषाला कळलं. रफिकभाई रिक्षावाले पटकन म्हणाले, "मंडी से भाजी मैं ला को देतूं, रोज. मगर रोटी नक्को बोलो." हशा झाला आणि वही भरू लागली.

सुरुवातीचे महिने म्हणजे निव्वळ गोंधळ. एका वडिलांनी पोह्यांची खीर केली, म्हणजे त्यांना पोहेच करायचे होते. दोघांनी एकाच आमटीत मीठ घातलं, तिसऱ्याने चव न बघता पुन्हा. कन्नड घरांच्या वाराला भाजीत तिखट पडे, तेलुगू घरांच्या वाराला चिंच, आणि मुलं दोन्हीकडे नाक पुसत जेवत. नरसम्मा हातात उलथनं घेऊन या सगळ्या बाप्यांच्या मागे फिरायच्या. इतके पुरुष आपलं ऐकतायत याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. देणगी देणाऱ्या एका कंपनीच्या फॉर्मवर 'लाभार्थी' आणि 'कार्यकर्ते' असे दोन रकाने होते. मी दोन्हीकडे तीच नावं लिहिली. त्यांचा फोन आला, "मॅडम, चूक झालीय." मी म्हटलं, "नाही, आता दुरुस्त झालीय." ती देणगी पुढच्या वर्षी आली नाही. समितीत मला बोलणी बसली. वाढदिवसवाल्यांना मी सांगू लागले की फोटो नाही, वाढायला या. निम्मे आले नाहीत. जे आले त्यातले दोघे-तिघे अजून येतात.

अंबिका परत आली. वडील शनिवारचे आमच्याकडे, आणि सभेतल्या आपल्याच बोलण्याला जागून इतर दिवशी पद्माला पानं कापून द्यायला घरी, त्यामुळे तिची संध्याकाळ मोकळी झाली. तिने परीक्षा दिली. यादीतलं नाव थोडक्या गुणांनी हुकलं. सगळी कहाणी गोड व्हावी असं मलाही वाटत होतं. ती दोन दिवस रडली, मीही एकदा तिच्यापासून लपून. त्या फोटोपायी दोघींचं इथलं जेवण तुटलं नसतं, तर घरचा भार तेवढा हलका राहिला असता; तिचे अभ्यासाचे ते हुकलेले आठवडे माझ्या नावावर आहेत, हे मी विसरत नाही. पण ती शिकत राहिली, दहावी उत्तम झाली, आणि आता पॉलिटेक्निकमध्ये कापड तंत्रज्ञानाचा डिप्लोमा करते. बापाशी मागाच्या धोट्यावरून वाद घालते आणि बहुतेक वेळा जिंकते. कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा व्यंकटेशने खरंच पाळी बदलून घेतली. शनिवार त्याने सोडला नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल मिळाली, डोळे पुसून झाले. महिनाभराने एका शनिवारी सहज म्हणून तिकडे गेले. पंगत बसायची होती. मी सवयीने भिंतीकडेच्या माझ्या जागेवर जाऊन बसले. व्यंकटेश भाताचं पातेलं घेऊन आला, सगळ्यांना वाढलं आणि माझ्यापाशी येऊन थांबला.

"बाई, तुमचा वार कुठला?"

मला वाटलं, तो चेष्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. इतकी वर्षं मी तिथे रोज जेवले होते, आणि वहीत माझं नाव कधीच नव्हतं.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

त्याने पातेलं खाली ठेवलं, भिंतीवर लावलेल्या वारांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. "बुधवारी कांदा चिरायला माणूस कमी हाय."

"चालेल," मी म्हटलं. "बुधवार माझा."

मग त्याने माझ्या ताटात भात वाढला, आणि त्यावर न विचारता चारू. बुधवारी मी परातभर कांदा चिरला. नरसम्मांनी येऊन एक फोड उचलली, उजेडात धरून निरखली आणि म्हणाल्या, "बाई, हा कांदा हाय का भोपळा? बारीक करा जरा. पुढच्या बुधवारी लवकर या."